पवनचक्कीचं पातं आधी कानाने तपासा

वळवाच्या पावसात रात्री विजा कडाडल्या, तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पठारावर दुसऱ्या दिवशी दुर्बीण काढण्याआधी पवनचक्कीपासून जरा लांब, डोळे मिटून उभं राहा. तिन्ही पात्यांचा ‘सूं... सूं... सूं’ एकसारखा यायला हवा. दर तिसऱ्या सूंला शिट्टी वाजत असेल, तर त्या एकाच पात्यात गडबड आहे. टोकाला विजेने भोक पडलं असेल, मागची पातळ कड उकलली असेल, नाहीतर वारा कापणारी पुढची जाड कड धूळ-पावसाने खरवडली असेल. मिनिटभर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघता येतं.

मग चक्की थांबवून ते पातं सरळ खाली आणायला सांगा. मागची कड टोकापासून वर बघत जा. पातं म्हणजे ग्लास फायबरची दोन कवचं चिकटवलेली, त्यामुळे फट पडते ती बऱ्याचदा त्या जोडावरच. ऊन तिरकं असतानाच बघा. भर दुपारी पांढऱ्या रंगावर डोळे दिपतात, बाकी काही दिसत नाही.

दोरावरून उतरणाऱ्याकडे छोटी हातोडी द्या, मनगटाला बांधून (वरून सुटली तर खालच्याचं डोकं गेलंच). पात्यावर ठोकून टणक आवाज आला तर फायबरचे थर घट्ट, बद्द आला तर आत सुटलेत. केसाएवढ्या चिरेचीही दोन्ही टोकं मार्करने खुणावून शेजारी तारीख लिहा. पुढच्या तपासणीत चीर खुणेपलीकडे गेलेली दिसली, तर दुरुस्तीवाले येईपर्यंत चक्की बंद ठेवा.