खर्रा सोडायचा आहे? आधी आठ दिवस लिहून काढा

"यंदाची मिरची लईच जहाल निघाली," असं मी बायकोला आठवडाभर सांगत होतो. शेवटी तिनं ठेच्याची वाटी पोरांपुढं सरकवली आणि म्हणाली, "पोट्टे तर चाटूनपुसून खाऊन राहिले. मिरचीले काऊन बोल लावता? तुमचंच तोंड गेलं."

त्या रात्री आरशासमोर तोंड उघडून पाहिलं. धड तोंडात तीन बोटं उभी जातात, माझ्या दोनच गेली. खर्र्यानं तोंड आखडत चाललं होतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वावर पाच एकर, कोरडवाहू. 2017 साली पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली आणि घरी आलेला कापूस निम्मा कवडीच निघाला. बँकेचं पीककर्ज आधीच थकलेलं होतं. पुढच्या पेरणीसाठी गावातल्याच एकाकडून चाळीस हजार घेतले, महिन्याला शेकडा तीनने. त्याच वर्षी माझा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून बांधलेली पुडी, दिवसाला दोनाचा चार झाला. डोक्यात चिंता आली की पाय आपोआप पानठेल्याकडं वळायचे, आणि तिथं सगळे चिंतावालेच बसलेले असायचे. खर्रा मी कसा सोडला ते सांगतो. आधी दोनदा फसलो होतो, तेही सांगतो, कारण शिकलो तिथंच.

आठ दिवस खा, पण लिहा

पहिल्या आठवड्यात काहीही सोडू नका. खिशात मावेल अशी वही घ्या आणि प्रत्येक पुडीमागं चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, किती रुपये. लिहायचं पुडी उघडण्याआधी. तोंडात गेल्यावर लिहायचं राहून जातं.

माझ्या वहीतला एक दिवस असा होता: सकाळी सहा, चहानंतर, एकटा. साडेनऊ, धुऱ्यावर, सालदारानं काढला म्हणून. दुपारी एक, जेवणानंतर. संध्याकाळी साडेपाच, ठेल्यावर, पाच जण. आठ दिवसांची पानं एकाखाली एक वाचली तेव्हा कळलं की खरी तलफ सकाळच्या एकाच पुडीची होती. एक जेवण संपल्याची खूण म्हणून आणि दोन निव्वळ माणसांपायी जात होत्या. मी तंबाखूशी भांडत बसलो होतो, आणि भांडण निम्मं संगतीशी होतं.

मग रुपयांचा रकाना. पुडी वीस रुपयांची, चार पुड्या म्हणजे रोजचे 80. महिन्याचे 2400, वर्षाचे 29,200. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपयांना धरली तर शंभराहून जास्त गोण्या मी चघळून थुंकत होतो. हा हिशेब एकट्यानं करू नका, घरात मोठ्यानं वाचून दाखवा. लाज वाटते. वाटू द्या.

तारीख ठरवताना

पहिल्यांदा मी ऐन पेरणीत सोडायला गेलो. तिसऱ्या दिवशी बैलावर हात उचलला, चौथ्या दिवशी ठेल्यावर होतो. दुसऱ्यांदा हळूहळू कमी करायचं ठरवलं. चाराचे दोन केले, पंधरा दिवसांत दोनाचे पाच झाले. कमी करत सोडणारे असतीलही, माझ्यानं ते जमलं नाही. तिसऱ्यांदा एकदम बंद केला.

कामाची घाई कमी असेल असा आठवडा निवडा आणि दिवस असा धरा की घरच्यांच्या लक्षात राहील. मी पोळ्याची कर धरली. आमच्याकडं त्या दिवशी पहाटे पोरं ओरडत शिवेकडं जातात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" लेकीला घरातलं सगळं माहीत होतं. ती भर गल्लीत ओरडली, "बाबाचा खर्रा घेऊन जा गे मारबत!" आता गावालाच कळलं, माघार घ्यायला जागा उरली नाही.

पहिले तीन दिवस

हेच सगळ्यात अवघड. डोकं दुखतं, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, आणि घरातलं प्रत्येक माणूस शत्रू वाटतं. ही निकोटिन तुटल्याची लक्षणं आहेत. दोन-तीन दिवसांत कळस गाठतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक निवळतात. एक-एक तलफ मात्र पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्या वेळापुरतं हाताला काम द्या. मी ढोरांना पाणी दाखवायचो. त्या महिन्यात आमच्या बैलांनी आयुष्यात प्यायलं नसेल इतकं पाणी पाहिलं.

तोंडाला बडीशेप द्या, नाहीतर मीठ लावून भाजलेली जवस. पण एक चूक करू नका. आमच्याकडं बरेच जण म्हणतात, "तंबाखू सोडली, आता साधी सुपारीच खातो." तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं. गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते, तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं. कॅन्सरलाही सुपारी एकटीच पुरेशी आहे, तिला तंबाखूची सोबत लागत नाही. सोडायचं तर दोन्ही.

एकट्यानं निभत नसेल तर 1800-112-356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. निकोटिनचा डिंक किंवा पट्टीही मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्या. कर्जानं, नापिकीनं मनच बसलं असेल, रात्र रात्र डोळा लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर खर्र्याचं नंतर पाहू. आधी 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी नंबरवर बोला. तोही फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ठेल्यावर काय सांगायचं

"सोडला" असं सांगू नका. मी सांगितलं तर हशा पिकला आणि तीन हात पुढं आले, "घे बापा, शेवटचा घे." त्यानंतर म्हणायला लागलो, "तोंडात फोड आला." फोडाशी कोणी वाद घालत नाही. खोटं बोललो हे खरं, पण ते खोटं मला दोन महिने पुरलं. शिवाय संध्याकाळी घराकडं यायची वाट बदलली. लांबची पडते, पण त्या वाटेवर ठेला नाही. दोस्त तुटतील ही भीती होती. दोघं तुटले, बाकीचे पारावर भेटतात.

सालदाराचा प्रश्न वेगळा, तो दिवसभर सोबत. त्याला सरळ सांगितलं, माझ्यासमोर खर्र्याची पन्नी काढू नको. फवारणीच्या दिवसांत तर मी हे हट्टानं पाळायला लावतो. औषधाच्या हातानं खर्रा काढून तोंडात टाकणं म्हणजे औषध खाणंच आहे. 2017 मध्येच आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, तेव्हापासून या बाबतीत मी कोणाची भीड धरत नाही.

पैसा दिसला पाहिजे

खर्रा सोडल्यावर पैसा वाचतो असं म्हणतात. आपोआप वाचत नाही. चहाभजी, मोबाईलचा रिचार्ज असा तो गळून जातो. म्हणून पत्र्याचा एक डबा घेतला आणि रोज रात्री त्यात 80 रुपये टाकले, मोजून. नगदी नसली तर वहीत उधारी लिहिली आणि हाती पैसे आले की भरली. डब्याची किल्ली बायकोकडं. एक तारखेला 2400 रुपये थेट सावकाराच्या घरी, आणि दिलेली प्रत्येक रक्कम वहीत त्याच्या सहीनिशी.

चाळीस हजारांचं शेकडा तीननं पहिल्या महिन्याचं व्याज 1200, म्हणजे खर्र्याच्या बरोबर निम्मं. उरलेले 1200 मुद्दलातून कटले. दुसऱ्या महिन्यात व्याज 1164 झालं आणि 1236 कटले. असंच चालू ठेवलं तर दुसरा रुपया न घालता चोविसाव्या महिन्यात खातं बंद होतं. त्याआधी मी वर्षभर फक्त व्याज भरत होतो आणि मुद्दल जागचं हललं नव्हतं. माझं खातं थोडं आधीच मिटलं, कारण मधे तुरीचे पैसे आले.

तेव्हापासून डबा बँकेसाठी. आमच्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदतीची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मी ती एकदा विसरलो होतो आणि सावकाराचं दार तिथूनच उघडलं.

मोडलं तर

मी मोडलं. पाचव्या महिन्यात एका तेरवीला कोणीतरी हातावर ठेवला आणि मी तोंडात टाकला. डोकं गरगरलं, गाल भाजले. घरी येऊन वहीत लिहिलं: दुपारी दोन, तेरवी, आठ जण, 0 रुपये. फुकटाचा होता ना! दुसऱ्या दिवशी डब्यात नेहमीसारखे 80 टाकले. एक पुडी खाल्ली म्हणून पाच महिने पाण्यात गेले असं धरलं की माणूस दुसरी खातो. ती फक्त एका ओळीची नोंद आहे. मात्र नोंद करायचीच.

आणि दर एक तारखेला, सावकाराकडं किंवा बँकेत जाण्याआधी, आरशासमोर उभं राहा. तीन बोटं उभी आत जातात का बघा. गालाला, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तेही बघा. असेल तर मलम शोधत बसू नका, सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आखडलेलं तोंड पहिल्यासारखं होत नाही, सोडल्यानं ते पुढं आखडायचं थांबतं. डॉक्टरांनी तोंड उघडायचा व्यायाम दिला होता, तो मी रोज सकाळी चहाच्या वेळी करतो, म्हणजे पूर्वीच्या पहिल्या पुडीच्या वेळेलाच.

माझी अजून अडीचच बोटं जातात. ठेचा दह्यात कालवून खातो.