पैलवानाला ‘ब्रेक अ लेग’ म्हणू नका: परफॉर्मन्सच्या इंग्रजीत हमखास होणाऱ्या चुका

परफॉर्मन्सबद्दल इंग्रजीत बोलताना आपली पोरं अडखळतात ती व्याकरणावर नाही. वाक्य शुद्ध असतं, स्पेलिंग बरोबर असतं, अर्थ मोबाईलवर बघून घेतलेला असतो, आणि तरी समोरच्याचा चेहरा पडतो. कारण यातले बरेच वाक्प्रचार रंगमंचावर जन्मले आणि तिथून ऑफिसात, मैदानात, ईमेलमध्ये शिरले. येताना प्रत्येकाने आपली बाजू सोबत आणली. कुठला कौतुकाचा, कुठला टोमण्याचा. कुठला प्रयोगाआधी म्हणायचा, कुठला पडदा पडल्यावर. डिक्शनरी अर्थ सांगते, ही बाजू ती फार वेळा सांगत नाही.

कोल्हापुरात निवेदन करणाऱ्यांची स्क्रिप्ट आणि एमआयडीसीतल्या पोरांचे अप्रेझल फॉर्म अशा दोन्ही कागदांत या चुका सारख्याच दिसतात. त्यातल्या नेहमीच्या तेवढ्या घेतो.

पाय मोडायचा, पण कुणाचा?

‘ब्रेक अ लेग’ सगळ्यांना पाठ असतं आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतो. स्टेजवर निघालेल्याला सरळ ‘गुड लक’ म्हटलं की अपशकुन होतो, असं इंग्रजी नाटकवाले मानतात. म्हणून मुद्दाम वाईट बोलायचं. आपण बाळाच्या गालाला काळी तीट लावतो, त्याच जातीचा हा प्रकार. उगमाच्या गोष्टी ढिगाने सांगितल्या जातात. त्यातल्या एकीवरही पैज लावू नये.

पहिली चूक माणूस निवडण्याची. हे नाटकवाल्याला, गाणाऱ्याला, भाषण करणाऱ्याला चालतं. इंटरव्ह्यूला निघालेल्या मित्रालाही चालून जातं. पण खासबागच्या मातीत उतरणाऱ्या पैलवानाला किंवा शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच खेळणाऱ्याला हे म्हणू नका. ज्याचा पाय खरोखर मोडू शकतो, त्याला त्यातली गंमत कळत नाही. बॅले नाचणारेसुद्धा एकमेकांना असं म्हणत नाहीत. त्यांचा वेगळा फ्रेंच शब्द आहे, आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही.

दुसरी चूक काळाची. कार्यक्रम झाल्यावर ‘शी ब्रोक अ लेग यस्टरडे’ असं स्टेटस टाकलंत, तर लोक अभिनंदन करणार नाहीत, ती सीपीआर हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डात आहे ते विचारतील. ही शुभेच्छा फक्त आधीची आहे, तिला भूतकाळ नाही. आणि ‘अ’च्या जागी ‘युवर’ घातलंत, म्हणजे ‘आय विल ब्रेक युवर लेग’, तर ती शुभेच्छा उरतच नाही.

चोरी दोन प्रकारची

‘स्टील द शो’ आणि ‘स्टील समवन्स थंडर’. दोन्हींत चोरी आहे, म्हणून दोन्ही एकाच अर्थाने ठोकून दिले जातात. पहिल्याने माणूस खूश होतो, दुसऱ्याने भांडण लागतं.

शो चोरणं हे कौतुक आहे, पण ते कुणाला लागू पडतं ते बघा. ज्याच्याकडून कुणाची फार अपेक्षा नव्हती, त्याने सगळ्यांचं लक्ष खेचून घेतलं, तर त्याने शो चोरला. दोन मिनिटांची एंट्री असलेला नोकर टाळ्या घेऊन जातो, तो शो चोरतो. नायकाने चांगलं काम केलं तर तो शो त्याचाच होता, चोरणार काय? त्याच्यासाठी ‘ही कॅरिड द शो’ आहे, आणि त्यातसुद्धा बाकीचे जरा कच्चे होते अशी बारीकशी सूचना असते. म्हणून प्रमुख पाहुण्यांच्या भाषणानंतर माइकवरून ‘अवर चीफ गेस्ट स्टोल द शो’ म्हणताना विचार करा. पाहुणे इंग्रजीत मुरलेले असतील तर त्यांना ऐकू येईल ते असं: ‘तुमच्याकडून एवढं वाटलं नव्हतं.’

थंडरची गोष्ट वेगळी. १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाची नवी युक्ती काढली. नाटक पडलं. पुढे त्याच थिएटरात शेक्सपिअरच्या नाटकाला तो गेला, तर गडगडाट त्याचाच! माझा प्रयोग बंद करता आणि माझा गडगडाट वापरता, म्हणून तो खवळला, असं सांगतात. तेव्हा थंडर चोरणं म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचं कौतुक आपल्याकडे ओढणं. बहिणीच्या साखरपुड्यात, सगळे तिच्याभोवती असताना, भावाने मध्येच ‘माझा कॅनडाचा व्हिसा आला’ म्हणून जाहीर केलं, तर तिने म्हणावं, ‘यू स्टोल माय थंडर’. सहकाऱ्याने तुमचं प्रेझेंटेशन उत्तम केलं म्हणून त्याला ‘थँक्स फॉर स्टीलिंग माय थंडर’ लिहिलंत तर तो चक्क टोमणा झाला, स्मायली टाकली तरी.

याच कुटुंबातला तिसरा शब्द ‘अपस्टेज’. बायोडेटात ‘आय अपस्टेज्ड माय टीम’ असं लिहिलं जातं, आणि लिहिणाऱ्याच्या मनात असतं ‘मी टीमला वर आणलं’. अर्थ नेमका उलटा. जुनी युरोपीय स्टेजं प्रेक्षकांकडे उतरती असायची, मागची बाजू उंच. ‘अप’ म्हणजे मागे. आता बघा: दोघं समोरासमोर बोलताहेत आणि एक जण बोलता बोलता दोन पावलं मागे सरकला. दुसऱ्याला त्याच्याशी बोलायचं तर मान वळवून प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. चेहरा कुणाचा दिसतो? मागे सरकलेल्याचा. ही नटांची जुनी लबाडी, आणि शब्दाचा अर्थही तोच: दुसऱ्याला झाकून स्वतः पुढे येणं. बायोडेटात ‘आउटपरफॉर्म्ड’ वापरा, पण तोही टार्गेटबद्दल. सहकाऱ्यांना आउटपरफॉर्म केलं असं लिहिणारा उमेदवार मॅनेजर लोकांना घाबरवतो.

घर, गॅलरी आणि पडदा

‘हाऊसफुल्ल’ म्हणताना आपण जे हाऊस म्हणतो, तेच ‘ब्रॉट द हाऊस डाऊन’ मध्ये आहे. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एखाद्या पोराने अशी मिमिक्री केली की सगळा हॉल ‘नाद खुळा!’ ओरडत उठला, तर त्याने हाऊस डाऊन आणलं, शब्दशः इमारतच खाली आणली. फक्त एका ठिकाणी हात आखडता घ्या. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. त्या वास्तूतल्या जुन्या प्रयोगांवर इंग्रजीत लिहिताना हा वाक्प्रचार नकोसा वाटतो. ‘देअर वॉज अ स्टँडिंग ओव्हेशन’ म्हणा, काम भागतं. तसं म्हणताना प्रेक्षक खरंच उभे राहिले होते ना, तेवढं आठवून घ्या. बसून वाजवलेल्या कितीही टाळ्या स्टँडिंग होत नाहीत.

‘प्ले टू द गॅलरी’ हे कौतुक समजून वापरलं जातं. गॅलरी म्हणजे सगळ्यात वरची, सगळ्यात स्वस्त जागा. तिथल्या शिट्ट्यांसाठी खेळणं म्हणजे सवंगपणा. आपण ‘पिटातल्या टाळ्या’ म्हणतो, तोच भाव. (त्यांची स्वस्त जागा छताजवळ, आपली पिटात, अपमान सारखाच.) एखाद्या नगरसेवकाच्या सत्कारात ‘ही ऑलवेज प्लेज टू द गॅलरी’ म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी माइक मिळणं कठीण.

पडद्याचं पटकन सांगतो. ‘कर्टन रेझर’ सुरुवातीचा: मुख्य गोष्टीआधीचा छोटा कार्यक्रम, आणि आपल्या वर्तमानपत्रांत स्पर्धेआधीची बातमी. ‘कर्टन कॉल’ शेवटचा: प्रयोग संपल्यावर नट वाकून नमस्कार करायला येतात तो. निमंत्रण पत्रिकेवर ‘कर्टन कॉल सायं. ६ वा.’ छापलंत तर पाहुण्यांनी सहाला येऊन फक्त नमस्कार घ्यायचा. आणि ‘इट्स कर्टन्स फॉर हिम’, शेवटी ‘स’सकट, म्हणजे त्याचा खेळ खलास.

लाइमलाइटमध्ये लिंबू नाही

इथला ‘लाइम’ म्हणजे चुना. पानाला लावतो त्याच्याच घराण्यातला, कळीचा चुना. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत त्याचा तुकडा तापवला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. वीज येण्याआधी स्टेजवर एकाच नटावर झोत टाकायचा तर हाच दिवा. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात तो १८३७ साली वापरला गेला. एवढं लक्षात राहिलं की पुढचं व्याकरण आपोआप येतं. माणूस त्या उजेडाच्या आत उभा असतो, म्हणून ‘इन द लाइमलाइट’; ‘ऑन’ नाही, ‘अॅट’ही नाही. ‘अंडर द स्पॉटलाइट’ जरा जपून, कारण त्यात चौकशीचा वास येतो. एखादी संस्था अंडर द स्पॉटलाइट आहे असं वाचलं की बहुधा तिचे हिशोब तपासले जात असतात.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि ईमेल

खरं नुकसान इथे होतं, कारण स्टेजवरची चूक हवेत विरते आणि ईमेल राहतो.

या दोन्ही एमआयडीसींतल्या फौंड्रीवाल्यांचं परदेशी ग्राहकांशी बोलणं असतं, म्हणून ‘पार’पासून सुरू करू. शब्द व्यापारातला, पण गाजवला गोल्फने. गोल्फमध्ये पार म्हणजे ठरलेले फटके. त्याहून कमी फटक्यांत खेळ संपवला तर उत्तम. म्हणून गोल्फर ‘अंडर पार’ असेल तर तो जिंकतोय. पण कास्टिंगची क्वालिटी ‘बिलो पार’ असेल तर माल परत येतोय. याहून धोक्याचं ‘पार फॉर द कोर्स’. ‘ठरल्याप्रमाणे’ या अर्थाने ‘द डिले इज पार फॉर द कोर्स’ असं ग्राहकाला कळवलं, तर त्याला दिसतं: ‘आमच्याकडे उशीर व्हायचाच, नवीन काय?’ ठरल्याप्रमाणेसाठी ‘ऑन शेड्यूल’ हा साधा शब्द आहे. तोच वापरा.

‘अप टू द मार्क’ आपण उठता-बसता वापरतो आणि ते चूक नाही, पण इंग्रज लोक ते बहुधा नकारात वापरतात: नॉट अप टू द मार्क. ‘युवर वर्क इज अप टू द मार्क’ हे शाबासकी म्हणून फार कोमट आहे. कुणाला खरंच उचलून धरायचं असेल तर त्याने नेमकं काय केलं ते सांगा. रिजेक्शन निम्म्यावर आणलं असेल तर तेच लिहा.

सेल्फ अप्रेझलमध्ये नम्रता दाखवायला ‘आय प्लेड सेकंड फिडल टू माय मॅनेजर’ लिहितात. त्यात ‘मी सहकार्य केलं’ असं काही नाही, ‘मला कायम दुय्यम ठेवलं’ अशी कुरबुर आहे. ‘आय सपोर्टेड’ लिहा.

निवृत्तीच्या समारंभात ‘सर इज अ टफ अॅक्ट टू फॉलो’ म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं सरांचं शिकवणं कळत नव्हतं. तसं नाही. हे मनापासूनचं कौतुक आहे: यांच्यानंतर स्टेजवर यायची कुणाची छाती होणार? मराठी श्रोते असतील तर मराठीतच सांगा, म्हणजे सरांनाही बरं वाटेल. आणि ‘स्वान साँग’ म्हणजे गोड गाणं समजू नका. मरताना हंस गातो या समजुतीवरून आलेला शब्द आहे, म्हणजे शेवटची कलाकृती. पहिलाच कार्यक्रम करणाऱ्या मुलीला हे म्हणू नये.

आयटीत गेलेल्यांसाठी ‘शोस्टॉपर’. स्टेजवर शोस्टॉपर म्हणजे असं गाणं, की टाळ्यांमुळे पुढचा खेळ थांबतो. फॅशन शोमध्ये सगळ्यात शेवटी येणारी मॉडेल. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ज्या बगमुळे रिलीज अडतं तो बग. ‘माय मॉड्यूल वॉज द शोस्टॉपर’ असं टेस्टिंगच्या मीटिंगमध्ये अभिमानाने सांगू नये. ‘बॉम्ब’चंही तसंच: ब्रिटिश माणूस ‘इट वेंट लाइक अ बॉम्ब’ म्हणाला तर कार्यक्रम जोरात झाला, अमेरिकन ‘इट बॉम्ब्ड’ म्हणाला तर साफ आपटला. कोण बोलतंय ते आधी बघा. आणि विमानतळावर दोन्ही टाळा.

‘आय विल विंग इट’ मध्ये पंख शोधू नका. विंगेत उभं राहून घाईघाईने संवाद पाठ करणाऱ्या नटावरून आलेला शब्द तो. ग्राहकाला असं लिहिणं म्हणजे ‘तयारी काही नाही, बघतो जमेल तसं’ अशी कबुली. ‘गेट युवर अॅक्ट टुगेदर’ हे तर वरिष्ठाला किंवा व्हेंडरला कधीच लिहू नका. ‘जरा सुधारा आता’ इतकं ते तिखट आहे.

शेवटचा शब्द हा वाक्प्रचार नव्हे, पण त्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. एचआरकडून ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ आला की काही जण ट्रेनिंग मिळतंय समजून ‘थँक यू फॉर द अपॉर्च्युनिटी’ असं उत्तर पाठवतात. बहुतेक कंपन्यांत तो नोकरी जाण्याआधीचा लेखी इशारा असतो. उत्तर नम्रच द्या, पण त्यात तीन गोष्टी लेखी मागा: सुधारणा नेमकी कशात हवी, ती कोण आणि कशी मोजणार, आणि मुदत कुठल्या तारखेपर्यंत. ते उत्तर पाठवल्यावर त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी फाइलला लावून ठेवा.