कोल्हापूरचा मिथेन नकाशा: आधी गोठा, मग उपग्रह

जिल्ह्याचा मिथेन नकाशा करायचा म्हटलं की पोरं थेट सेंटिनेल-५पी या उपग्रहाची हवेतल्या वायूंची माहिती उघडून बसतात. मी आधी पशुगणना उघडायला लावतो, कारण रवंथ करणारी जनावरं मिथेन सोडतात. कोल्हापुरात सुरुवात म्हशीपासूनच.

२०१९च्या विसाव्या पशुगणनेतले आकडे घ्या, मिळाले तर गावनिहाय. देशी, संकरित, दुभती, भाकड असे रकाने वेगळे ठेवा. भारताच्या राष्ट्रीय हिशेबात दुभत्या म्हशीला वर्षाला ५० किलो मिथेन धरतात, संकरित दुभत्या गाईला ४३, देशीला २८. म्हणजे हजार दुभत्या म्हशींमागे ५० टन. आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) २००६चा सरसकट आकडा दुभत्या गाईला ५८ किलो. तो देशी गाईला लावलात तर बेरीज दुपटीवर जाते. हा झाला रवंथाचा वायू. शेणाचा वेगळा.

आता क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर. तालुक्याची बेरीज अख्ख्या तालुक्यावर सारखी पसरू नका, नाहीतर राधानगरीच्या अभयारण्यात म्हशी चरायला लागतील! जंगल आणि धरणाचं पाणी कापून उरलेल्या गावशिवारातच आकडा वाटा. गवेही रवंथ करतात, पण ते आपल्या हिशेबात नाहीत. नकाशा माणसामुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा आहे.

भाताला मात्र शिवारात जावंच लागतं. सतत पाणी तुंबलेल्या भाताला हेक्टरी १६२ किलो, अधूनमधून अनेकदा निचरा होणाऱ्याला १८. नऊपट फरक! गगनबावडा, आजरा, चंदगडकडे रोपलावण की धूळवाफ (कोरड्या जमिनीत पेरणी) एवढंच विचारून भागत नाही. वाफ्यात पाणी किती दिवस उभं होतं, ते विचारा.

कचरा डेपो आणि डिस्टिलऱ्या ठिपक्यांनी दाखवा. स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे वायू तयार होणाऱ्या टाकीत, जाऊन तो वायू बॉयलरमध्ये जळत असेल, तर फक्त गळती धरायची. उघड्या तलावात साचत असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो.

एवढं झाल्यावर उपग्रह. त्याच्या चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) साधारण ५.५ बाय ७ किलोमीटरचा. एवढ्यात गोठा, डेपो, कारखाना सगळं एकत्र येतं. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे माहिती जवळपास नसतेच, आणि भात पाण्यात उभा असतो तो नेमका तेव्हाच. त्यामुळे हिवाळ्या-उन्हाळ्याची सरासरी घ्या आणि ती जनावरं, डेपो, डिस्टिलऱ्यांशीच ताडून बघा. घाटाखाली कोकणात रंग गडद दिसला तर लगेच स्रोत शोधू नका. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेच्या स्तंभाची सरासरी देतो, आणि सखल भागात त्या स्तंभात खालच्या, मिथेन जास्त असलेल्या थराचा वाटा मोठा असतो.