टॉमकॅटवर प्रॉपर्टीज फाईल सापडत नव्हती, शेवटी असं जमलं

आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चालणारा जावा कोड टॉमकॅट या वेब सर्व्हरवर टाकला की प्रॉपर्टीज फाईल (सेटिंग्जची फाईल) शोधून उघडणारी मेथड गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीम नल (म्हणजे काहीच सापडलं नाही) देते आणि पुढे फाईल लोड करताना नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर येते. दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली. रीस्टार्ट केलं, फाईल थेट वेब-इन्फ फोल्डरमध्ये टाकली, पण तो फोल्डर क्लासपाथवर (जावा जिथे फाईली शोधतं त्या जागांच्या यादीत) नसतोच, त्यातला क्लासेस फोल्डर आणि लिबमधल्या जार फाईलीच असतात.

मग आधी 'जार टीएफ' कमांडने वॉर फाईल (सर्व्हरवर टाकायचं पूर्ण पॅकेज) उघडून बघितली (हे खरंतर सगळ्यात आधी करा), तर प्रॉपर्टीज फाईल आतच नव्हती, कारण माझी एसआरसी/मेन/जावामध्ये होती आणि मेव्हन (पॅकेज बनवणारं टूल) तिथून फक्त जावा फाईली कंपाइल करतं, बाकीच्या उचलत नाही. ती एसआरसी/मेन/रिसोर्सेसमध्ये हलवली, कोडमध्ये क्लासलोडरला (क्लासपाथवरून फाईली आणणाऱ्या भागाला) सुरुवातीच्या स्लॅशशिवाय फाईलचं नाव दिलं, मेव्हनने क्लीन पॅकेज केलं (जुनं पुसून नवं पॅकेज बनवलं), वॉरमध्ये वेब-इन्फ/क्लासेसखाली फाईल दिसली तेव्हाच टॉमकॅटवर डिप्लॉय केलं. लगेच लोड झाली.