मंडळीत दुखावलेल्यांच्या देखभालीचं काम सुरू करताय? आधी साक्ष मागणं थांबवा

ठाण्यातल्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अधूनमधून कोणी ना कोणी येऊन म्हणतं, "ताई, मलाही समुपदेशनाच्या कामात घ्या." कोणी मानसशास्त्रात बी.ए. करत असतं, कोणी रविवारच्या शाळेत शिकवतं, कोणी नुसतं मनापासून आलेलं. मी प्रत्येकाला एकच विचारते: समोरचा माणूस रडत असताना तुला गप्प बसता येतं का? बायबलमधली वचनं तोंडपाठ असलेल्यांना हे सगळ्यात जड जातं.

आपल्याकडे दुःख आवरायचीसुद्धा घाई असते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेली बाई शुक्रवारच्या प्रार्थनासभेत चार वेळा दिसली, की कोणीतरी तिच्या हातात माईक देतं. "साक्ष द्या ना, दुसऱ्यांना आशीर्वाद होईल." साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कसं सोडवलं ते सगळ्यांसमोर सांगणं. ती बोलते, लोक हालेलूया म्हणतात, चहा होतो. मग रात्रभर तिचा डोळा लागत नाही. आघाताची आठवण कधीकधी अशी उसळून येते, की सगळं आत्ताच घडतंय असं शरीराला वाटतं. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, डोकं सुन्न होतं. या क्षेत्रातले अनुभवी लोक साधारण एक क्रम सांगतात: आधी सुरक्षितता, मग झालेल्याला सामोरं जाणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. साक्ष द्यायचीच असेल तर ती या शेवटच्या टप्प्यावर, तीही तिला स्वतःला वाटलं तर. आपण ती पहिल्याच टप्प्यावर मागतो.

क्षमेचंही तेच. "क्षमा कर, नाहीतर देव तुला करणार नाही" असं ऐकवून बायकांना त्याच घरात परत धाडलेलं मी पाहिलंय. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे तिचं आणि देवाचं. त्या घरात परत जायचं की नाही हा प्रश्न वेगळा. त्यासाठी 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि 181 ही हेल्पलाईन नव्या माणसाला ठाऊक हवीच.

बायबलला मात्र ही घाई नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. तेवढं त्यांना जमलं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला, तर देवदूताने प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं. आणि 2 शमुवेलच्या 13व्या अध्यायातली दावीद राजाची मुलगी तामार? तिच्यावर अत्याचार झाल्यावर सख्खा भाऊच तिला गप्प राहायला सांगतो. या अध्यायावर रविवारचा उपदेश तुम्ही शेवटचा कधी ऐकला?

आता रोजच्या कामाचं. बोलायला बसाल त्या खोलीचं दार किलकिलं ठेवा आणि येणाऱ्याला दाराजवळची खुर्ची द्या, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर तुम्हाला ओलांडून जावं लागणार नाही. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आपली पद्धत आहे, पण आधी विचारा: "हात ठेवू का, की नुसती प्रार्थना करू?" ज्याच्या अंगावर कोणी जबरदस्तीने हात टाकलाय, त्याच्या मानेवर मागून अचानक आलेला पाळकांचा (पास्टरांचा) हातही हातच असतो. चौघाजणांनी घेरून मोठ्याने प्रार्थना करणं तर नकोच.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या प्रार्थना विनंतीचं काय सांगू! "अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या मुलीसोबत असं असं झालं." संध्याकाळपर्यंत कळव्यापासून डोंबिवलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. नाव नको, तपशील नको. काय लिहायचं ते तिलाच विचारा. "काहीच नको" म्हणाली तर काहीच नको.

गुप्ततेला एक मोठा अपवाद आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "मंडळीतलं मंडळीतच मिटवू" हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही, मग आरोपी कितीही मोठ्या पदावरचा असो. पाळकांनाही कळवावं लागतं. मुलांसाठी 1098 आहे.

ठाणेकरांची एक गंमत बघा. "ह्याला ठाण्याला पाठवा" हा विनोद आख्ख्या महाराष्ट्रात चालतो, आणि 1901 पासूनचं ते मनोरुग्णालय रिक्षेच्या अंतरावर असूनही आपल्याच लोकांना तिथली ओपीडी लांब वाटते. सोबत जा. केसपेपर काढायच्या रांगेत शेजारी उभं राहणं हीदेखील सेवाच. ओपीडीला जायचा धीरच होत नसेल तर आधी 14416 लावून द्या. टेली मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही. आणि गोळ्या चालू असतील तर "विश्वास ठेव आणि बंद कर" असं कोणालाही म्हणू देऊ नका.

शिक्षणाचं थोडक्यात. सुरुवातीला मानसिक प्रथमोपचार पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये त्याची पुस्तिका काढली, तिचा गाभा तीन गोष्टींचा: पाहा, ऐका, जोडून द्या. पुढे जायचं तर एम.एस.डब्ल्यू. किंवा मानसशास्त्रात एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. दोन शनिवारांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून कोणी थेरपिस्ट होत नाही, कितीही छान लॅमिनेट केलेलं असो.

काम घेण्याआधी पाळकांना तीन गोष्टी विचारून घ्या: माझ्यावर देखरेख कोणाची, पाळकांविरुद्धच तक्रार आली तर ती कोणाकडे न्यायची, आणि महिन्यातला कोणता रविवार मी फक्त उपासनेला येऊन घरी जायचं. दुसऱ्या प्रश्नावर ते चिडले, तर दुसरी मंडळी शोधा.