अभिनेत्रीच्या कारकिर्दीची नोंद कशी तयार करावी

रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत वावरलेल्या अभिनेत्रीची कारकीर्द लिहायला घेतली, की बहुतेक जण चित्रपटांपासून सुरुवात करतात, कारण ती यादी सहज हाती लागते. माझा आग्रह उलटा आहे. आधी नाटके शोधावीत. चित्रपट बहुधा मागे उरतो. नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो, आणि त्याच्या जाहिराती, पुस्तिका, तिकिटे घरोघरच्या रद्दीत निघून जातात.

पहिला आधार छापील संहितेचा. मराठी नाटकांच्या पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर अनेकदा पहिल्या प्रयोगाची तारीख, नाट्यगृह, निर्मिती संस्था, दिग्दर्शक आणि मूळ संचातील कलावंतांची नावे दिलेली असतात. ते पान जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्यानंतर वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहाव्यात. पण जाहिरातीत नाव आहे म्हणून ती भूमिका तिनेच प्रथम केली, असे धरून चालू नये. मी स्वतः एकदा जुन्या कात्रणावरून एका अभिनेत्रीला मूळ संचातील नायिका ठरवून बसलो होतो. पुढे संहिता मिळाली, तेव्हा ते कात्रण पुनरुज्जीवित प्रयोगाचे होते आणि मूळ नायिका दुसरीच होती, हे कळले. त्या चुकीची हळहळ अजून वाटते, कारण जिचे नाव गळले होते तिची रंगभूमीवरची कामे आधीच फार थोड्या ठिकाणी नोंदलेली आहेत. म्हणून मूळ संच, बदली कलाकार आणि पुनरुज्जीवन असे तीन रकाने आखावेत. ‘ती फुलराणी’तील मंजुळा १९७५ साली भक्ती बर्वे यांनी साकारली आणि पुढे अमृता सुभाष यांनीही केली, वर्ष न लिहिता दोन्ही नावे शेजारी ठेवली, तर दोघींवरही अन्याय होतो.

एकच कलाकृती दोन माध्यमांत असेल, तर दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारे सुलभा देशपांडे यांनी रंगमंचावर केली आणि १९७१ च्या चित्रपटातही केली. भाषेचेही तसेच: ‘प्रभात’चा १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत निघाला आणि दोहोंत तारामती दुर्गा खोटे यांचीच होती. चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरील तारीख ही प्रदर्शनाची तारीख नव्हे, एवढे लक्षात ठेवले की बराच घोळ टळतो.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत मालिका किती वर्षे चालली यापेक्षा त्या अभिनेत्रीची भूमिका कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे महत्त्वाचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याआधीची तारीख पडली असेल, तर ती पुन्हा तपासावी. अभिनयाखेरीजचे कामही वगळू नये. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत असत, आणि ती ओळ नसेल तर त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांचे चित्र अपुरे राहते.

नावांकडे विशेष लक्ष द्यावे. रीमा लागू यांचे मूळ नाव नयन भडभडे. केवळ नंतरच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हातून आधीची कामे निसटू शकतात. पुरस्कार लिहिताना कलाकृतीचे वर्ष आणि सोहळ्याचे वर्ष दोन्ही द्यावे: रोहिणी हट्टंगडी यांना १९८२ च्या ‘गांधी’तील कस्तुरबांसाठी बाफ्टा पुरस्कार १९८३ मध्ये मिळाला.

शेवटी तिन्ही याद्या एकाच कालपटावर मांडाव्यात. चित्रीकरण आणि नाटकाचे दौरे एकाच वर्षात कसे सांभाळले गेले, हे वेगवेगळ्या याद्यांतून कधीच दिसत नाही, आणि मला तरी कारकिर्दीचा खरा पैस तिथेच दिसतो. जिथे रिकामी वर्षे दिसतील, तिथे अभिनेत्रीला किंवा तिच्या सहकलावंतांना नेमके त्याच वर्षांबद्दल विचारावे. मिळालेल्या प्रत्येक कात्रणाच्या पाठीमागे वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवावा.