परदेशी लाकडाचे पेन घडवताना या चुका टाळा

हाताने घडवलेल्या लाकडी पेनला काही महिन्यांत तडा गेला, चमक उतरली किंवा लाकूड आतल्या पितळी नळीपासून सुटले, तर दोष सहसा पॉलिशला दिला जातो. प्रत्यक्षात ही चूक पुष्कळदा ब्लँक (पेनसाठी कापलेला लाकडाचा लांबट तुकडा) निवडताना किंवा नळी चिकटवतानाच झालेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक ओलसर लाकडाची आहे. परदेशी लाकडाचे ब्लँक अनेकदा मेणात बुडवून विकले जातात. त्या मेणामुळे लाकूड तडकत नाही, पण आतला ओलावाही फार सावकाश बाहेर पडतो. सात मिलिमीटरच्या नळीवर बसणाऱ्या बारीक पेनमध्ये टोकांना लाकडाची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी उरते. लाकूड आकसते, पितळ आकसत नाही, आणि मग तडा जाण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. म्हणून बाजूंचे मेण खरवडून, टोकांचे तसेच ठेवून, ब्लँक दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर तोलावा आणि वजन स्थिर झाल्याखेरीज लेथवर चढवू नये. मात्र कोकणातल्या पावसाळ्यात स्थिर झालेले वजन फसवे असते. हवेत ८५ टक्के आर्द्रता असताना लाकडात सुमारे १८ टक्के ओलावा टिकून राहतो, त्यामुळे जुलैत घडवलेला पेन वातानुकूलित कार्यालयात गेला की आकसू लागतो. आबनूस याबाबतीत विशेष नाजूक आहे. त्याला भोक पाडताना ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झटकावा आणि पॉलिश पेपर फिरवताना लाकूड हाताला गरम लागू देऊ नये.

दुसरा प्रश्न लाकडातल्या नैसर्गिक तेलाचा. कोकोबोलो, रोझवूड आणि लिग्नम व्हिटे या लाकडांत ते भरपूर असते. भोकाची आतली बाजू अ‍ॅसिटोनने पुसून, ते उडून जाताच नळी चिकटवावी, कारण वेळ गेला की तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. नळी पॉलिश पेपरने खरखरीत करावी आणि अशा लाकडासाठी पातळ सुपरग्लूऐवजी इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) वापरावे. कोकोबोलोवर तेलयुक्त वार्निश दिवसेंदिवस चिकट राहते, कारण लाकडातील द्रव्ये ते वाळू देत नाहीत. त्यावर आणखी एक थर देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. तो थर काढून, पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून, मेणविरहित चपड्याचा (शेलॅकचा) पातळ हात द्यावा आणि मगच वार्निशकडे वळावे. खरे तर कोकोबोलोला आणि आबनुसाला जाड काचेसारखा थर देण्याचे कारणच मला कळत नाही. बारीक पेपर, बफ (चकाकी आणणारे कापडी चाक) आणि थोडे मेण यांनी त्यांची स्वतःची झळाळी उत्तम खुलते.

सुपरग्लूचेच फिनिश हवे असेल, तर थर पातळ ठेवावेत. पांढुरके डाग बहुधा अडकलेल्या ओलाव्याने किंवा जास्त अ‍ॅक्सिलरेटरने (सुपरग्लू झटपट घट्ट करणाऱ्या रसायनाने) पडतात आणि वर पॉलिश घासून ते जात नाहीत, तेवढा थर उतरवावाच लागतो. सुपरग्लूचे थर कागदी टिश्यूने द्यावेत. सुती कापडावर सुपरग्लू एकदम तापतो आणि बोट भाजते.

पादौकचा लाल भुसा शेजारच्या फिकट लाकडात मुरतो. अशा जोडकामावर अ‍ॅसिटोन फिरवल्यास रंग अधिकच पसरतो, म्हणून भुसा हवेच्या झोताने उडवावा. पादौक आणि पर्पलहार्ट कालांतराने तपकिरी होतातच; अतिनील किरण रोखणारे फिनिश ही गती मंदावते, थांबवत नाही, आणि हे ग्राहकाला आधीच सांगावे. लेथवर घासून दिलेले नुसते चपड्याचे पॉलिश दिसते सुंदर, पण घामाने आणि सॅनिटायझरमधील अल्कोहोलने लवकर उतरते.

कोकोबोलोच्या भुशाने अनेकांना त्वचेची अ‍ॅलर्जी होते, आणि ती प्रत्येक वेळी वाढत जाऊ शकते. मास्क व धूळ ओढणारे यंत्र हवेच. खरेदी करताना केवळ ‘रोझवूड’ या व्यापारी नावावर विसंबू नये. सायटीस या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, तर रोझवूडच्या डाल्बर्जिया या जातकुळीतील उरलेल्या जाती २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्यामुळे बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्यावे; पेन परदेशी पाठवायचा झाल्यास सर्वप्रथम तेच विचारले जाते.